ऑनलाइन वर्गात हजर असूनही गैरहजर: नेटला दोष देण्यापूर्वी काय तपासावे

पदवी महाविद्यालयातील ऑनलाइन तासांची तांत्रिक बाजू मी सांभाळतो. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांकडून येणाऱ्या बहुतेक तक्रारींची पहिली ओळ एकच असते: "सर, नेटचा प्रॉब्लेम आहे." तपासायला बसल्यावर मात्र दोष बहुधा चुकीच्या खात्यात, बंद राहिलेल्या परवानगीत किंवा न दाबलेल्या एखाद्या बटणात सापडतो आणि नेटचा क्रमांक त्यानंतर लागतो. म्हणून खालील तपासण्या फुकट आणि मिनिटभरात होणाऱ्या गोष्टींपासून सुरू होऊन पैसे आणि कारागीर लागणाऱ्या गोष्टींपर्यंत जातात. हा क्रम मोडू नये, असा माझा आग्रह आहे.

लक्षणे

- लिंक उघडते, पण आत जाण्यासाठी परवानगी मागावी लागते आणि ती मागूनही कोणी आत घेत नाही.
- इतरांचे सर्व ऐकू येते, पण आपला आवाज कोणालाच जात नाही. हजेरीला "हजर" म्हटले तरी पुढचा क्रमांक पुकारला जातो.
- आवाज जातो, पण तुटक जातो किंवा घुमून परत येतो.
- तास चालू असताना मध्येच बाहेर फेकले जाते.
- सकाळचे तास व्यवस्थित होतात, दुपारनंतर चित्र थिजते आणि आवाजही अडखळतो.
- स्वाध्याय अपलोड केल्याचे पक्के आठवते, पण प्राध्यापकांच्या यादीत तो आलेला नसतो.
- वरीलपैकी काहीही नसते, तरीही सत्राअखेर अंतर्गत मूल्यमापनात सहभागाचे गुण जवळजवळ मिळत नाहीत.

आपले लक्षण कोणते, ते कोणत्या विषयाच्या तासाला आणि दिवसाच्या कोणत्या वेळी येते, एवढे कागदावर टिपून घ्या. एकाच प्राध्यापकांच्या तासाला अडचण येत असेल तर दोष बहुधा लिंकमध्ये किंवा खात्यात असतो, सर्वच तासांना येत असेल तर आपल्या यंत्रात असतो, आणि ठराविक वेळीच येत असेल तर डेटा, वीज किंवा घरातील इतरांचा वापर यांकडे पाहावे लागते. तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदला, कारण ॲप काढून पुन्हा टाकणे, राऊटर बंद-चालू करणे आणि हेडफोन बदलणे हे सर्व एकदम केल्यावर तास सुरळीत झाला, तरी नेमके काय बिघडले होते ते कळत नाही आणि पुढच्या आठवड्यात तीच धावपळ पुन्हा करावी लागते.

कोणत्या खात्याने आत जात आहात?

मीटिंगमध्ये शिरण्यापूर्वीच्या पडद्यावर आपले छायाचित्र किंवा नावाचे आद्याक्षर असलेले वर्तुळ दिसते. तेथे कोणता ईमेल पत्ता आहे, हे आधी वाचा. महाविद्यालयाने दिलेला पत्ता आणि घरचा जीमेल हे दोन्ही एकाच ब्राउझरमध्ये चालू असतील, तर ज्या खात्याने आधी लॉगिन झाले आहे तेच खाते लिंक उघडताना पुढे केले जाते. महाविद्यालयाने गूगल मीटचा वर्ग संस्थेपुरता ठेवलेला असला, तर संस्थेची खाती सरळ आत येतात आणि बाहेरच्या खात्याला परवानगी मागावी लागते. त्या क्षणी प्राध्यापक पडदा शेअर करून शिकवत असतील, तर आलेली विनंती त्यांना दिसतेच असे नाही. विद्यार्थी बाहेर ताटकळतो आणि रेंज नाही असे समजून फोन हवेत धरतो.

हजेरीचा अहवालही खात्याच्या नावावर तयार होतो. वडिलांच्या खात्याने किंवा धाकट्या भावाने खेळासाठी काढलेल्या 'किंग ऑफ कोल्हापूर' या खात्याने पूर्ण तास बसलेली विद्यार्थिनी त्या अहवालात सापडत नाही आणि प्राध्यापकांना तिची अनुपस्थिती लावण्यावाचून पर्याय राहत नाही. यावरचा कायमचा उपाय म्हणजे क्रोममध्ये महाविद्यालयासाठी वेगळे प्रोफाइल तयार करणे आणि वर्गाची प्रत्येक लिंक त्याच खिडकीत उघडणे. फोनवर मीट किंवा क्लासरूम ॲप उघडून उजव्या कोपऱ्यातून खाते बदलावे आणि मगच लिंकला हात लावावा. झूमवर आत गेल्यावर नाव बदलता येते. तेथे हजेरी क्रमांक आणि पूर्ण नाव प्राध्यापकांनी सांगितलेल्या क्रमानेच लिहावे, कारण यादी क्रमाने लावताना त्यांना तोच क्रमांक आधार देतो.

लिंकही तपासावी. व्हॉट्सॲपच्या गटात फिरून आलेली लिंक मागच्या सत्राची असू शकते. क्लासरूमच्या पानावर किंवा महाविद्यालयाच्या मूडलवर (अभ्यास साहित्य आणि स्वाध्याय ठेवण्याच्या संकेतस्थळावर) असलेली लिंकच खरी मानावी.

तासाच्या मध्येच सगळा वर्ग एकदम बाहेर पडत असेल, तर घड्याळ पाहा. झूमच्या विनाशुल्क खात्यावरील मीटिंग ४० मिनिटांनी बंद होते, आणि गूगल मीटच्या विनाशुल्क खात्यावर तीन किंवा अधिक जणांची मीटिंग ६० मिनिटांपर्यंतच चालते. हे आपल्या यंत्राचे दुखणे नाही. त्याच लिंकने पुन्हा आत यावे किंवा प्राध्यापकांनी दुसरी लिंक दिली आहे का ते पाहावे.

संगणकाची तारीख

ही तपासणी क्षुल्लक वाटते, पण जुन्या डेस्कटॉपवर ती वारंवार उपयोगी पडते. संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि अखेरची तारीख असते, आणि संगणकाची तारीख त्या मर्यादेबाहेर गेली की ब्राउझर पान उघडण्यास नकार देतो. क्रोम तर घड्याळ मागे किंवा पुढे असल्याचे स्पष्ट लिहितो, परंतु तो इंग्रजी मजकूर न वाचताच खिडकी बंद केली जाते. तारीख आणि वेळ आपोआप घेण्याची सोय चालू करा आणि क्षेत्र भारतीय प्रमाणवेळेवर ठेवा. लाइट गेल्यानंतर प्रत्येक वेळी संगणक काही वर्षे मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील सीआर२०३२ ही ३ व्होल्टची नाण्याच्या आकाराची बॅटरी संपलेली आहे असे समजावे. ती स्वस्त असते आणि घड्याळाच्या दुकानातही मिळते, मात्र कॅबिनेट कधी उघडलेले नसेल तर ती दुकानदाराकडूनच बसवून घ्यावी.

पुण्यात बसून अमेरिकेतील विद्यापीठाचा वर्ग करणाऱ्यांसाठी एक जादा सूचना आहे. तेथील बहुतांश भागांत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे नेतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे आणतात, तर आपली प्रमाणवेळ वर्षभर तीच राहते. त्यामुळे त्या दोन आठवड्यांत रिकाम्या वर्गात शिरणाऱ्यांची संख्या नेहमी वाढते.

आपला आवाज कोठे अडतो?

आवाज पाच ठिकाणी अडू शकतो आणि ही पाचही ठिकाणे क्रमाने तपासावीत. पहिले ठिकाण म्हणजे हेडफोनच्या वायरवरचे छोटे सरकते बटण. ते खिशात किंवा दप्तरात आपोआप सरकते. दुसरे मीटिंगमधील माईकचे चिन्ह. तिसरे ठिकाण ब्राउझरची किंवा ॲपची परवानगी. पहिल्या दिवशी घाईत नकार दिला गेला असेल तर ब्राउझर तो लक्षात ठेवतो आणि पुन्हा विचारत नाही. पत्त्याच्या डाव्या बाजूच्या चिन्हावर दाबून माईकची परवानगी तेथून द्यावी लागते. चौथे ठिकाण फोनचे किंवा विंडोजचे स्वतःचे नियंत्रण. अँड्रॉइड १२ पासून वरून खाली ओढायच्या पट्टीत माईक आणि कॅमेरा सर्व ॲपसाठी एकदम बंद करणारी बटणे ठेवता येतात, आणि त्यांपैकी माईकचे बटण चुकून दाबले गेले तर प्रत्येक ॲपमधील परवानगी चालू दिसत असूनही आवाज जात नाही. विंडोजमध्ये हेच नियंत्रण सेटिंग्जच्या प्रायव्हसी विभागात असते. पाचवे ठिकाण आपल्या हातात नाही: प्राध्यापकांनी संपूर्ण वर्गाचे माईक बंद करून ठेवलेले असू शकतात. अशा वेळी हात वर करण्याचे चिन्ह दाबून वाट पाहावी.

हे सर्व ठीक असूनही आवाज जात नसेल, तर मीटिंगच्या सेटिंग्जमध्ये कोणता माईक निवडला आहे ते पाहा. जवळच्या खोलीत चालू राहिलेला ब्लूटूथ इअरफोन लॅपटॉपशी जोडलेला राहतो आणि आपण लॅपटॉपसमोर बोलत असताना मीटिंग मात्र त्या खोलीतला आवाज टिपत असते. डेस्कटॉपवर आणखी एक अडचण येते. फोनच्या हेडफोनच्या पिनेवर तीन काळ्या कड्या असतात, कारण तीत आवाज आणि माईक एकत्र येतात. जुन्या डेस्कटॉपला मात्र हिरवे आणि गुलाबी अशी दोन वेगळी भोके असतात. ती पिन हिरव्या भोकात घातली तर ऐकू येते, पण माईक चालत नाही. त्यासाठी दोन टोकांचा स्प्लिटर मिळतो, आणि तो घेतल्यास नवा हेडफोन घेण्याची गरज राहत नाही.

ही तपासणी तासाच्या वेळी करू नये. गूगल मीटमध्ये शिरण्यापूर्वीच्या पडद्यावर आवाज आणि चित्र पाहून घेण्याची सोय आहे, आणि झूमची चाचणी मीटिंग कधीही उघडता येते; तिच्यात आपण बोललेले वाक्य आपल्यालाच परत ऐकू येते. पहिल्या तासाच्या आदल्या संध्याकाळी, त्याच खोलीत, त्याच हेडफोनसह ही चाचणी करावी.

घुमणाऱ्या आवाजाचे कारण बहुधा साधे असते: एकाच खोलीत दोन भावंडे किंवा एकाच विद्यार्थ्याचे दोन फोन त्याच मीटिंगमध्ये असतात आणि एकाच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याचा माईक उचलतो. एक यंत्र पूर्ण म्यूट करा आणि त्याचा स्पीकरही बंद ठेवा. ब्लूटूथने बोलताना आवाज अचानक डब्यातून आल्यासारखा होत असेल, तर तो दोष नसून त्या तंत्राची मर्यादा आहे. माईक चालू होताच बरीच ब्लूटूथ साधने कमी प्रतीच्या फोन-आवाजावर उतरतात. बोलण्याच्या तासाला वायरचा हेडफोन वापरावा.

फोन आणि डेटा

दुपारनंतर बिघडणाऱ्या तासांचे उत्तर येथे सापडते, म्हणून येथे हिशेब मांडणे योग्य ठरेल. चित्र सुमारे १ एमबीपीएस दराने येत राहिले, तर एका तासाला ४५० एमबी खर्च होतात. आपलाही कॅमेरा तितक्याच दराने चालू असेल तर ९०० एमबी. दिवसाला १.५ जीबी मिळणारा रिचार्ज या हिशेबाने दुसरा तास संपण्यापूर्वीच संपतो. त्यानंतर अनेक योजनांत वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि झूमच्या केवळ आवाजाला ६० ते ८० केबीपीएस लागतात. फोनवर रेंजचे सगळे दांडे दिसत असतात, मेसेजही जात असतात, पण वर्ग मात्र चालत नाही, आणि विद्यार्थी शपथेवर सांगतो की नेट आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये आज किती डेटा वापरला गेला हे दिसते. ते पाहूनच पुढे जावे.

डेटा वाचवण्यासाठी आपला कॅमेरा गरजेपुरता चालू ठेवा आणि येणारे चित्र बंद करण्याची किंवा केवळ आवाज ठेवण्याची सोय वापरा. प्राध्यापक फळ्यावर किंवा सादरीकरणावर शिकवत असतील तर मात्र चित्र बंद करू नका. आदल्या रात्री व्हॉट्सॲपचे आपोआप होणारे डाउनलोड, छायाचित्रांचा बॅकअप आणि ॲपची अद्यतने मोबाइल डेटावर बंद केली, तर खर्च पुष्कळ कमी होतो.

दोन सिमच्या फोनमध्ये एक गोष्ट लक्षात ठेवावी. बऱ्याच फोनमध्ये दुसऱ्या सिमवर कॉल आला की पहिल्या सिमचा डेटा थांबतो, आणि कॉल उचलल्यास तो संपेपर्यंत वर्ग अडून राहतो. मामाचा फोन आला म्हणून मौखिक परीक्षेतून बाहेर फेकल्या गेलेल्या विद्यार्थ्याचा दोष नेटवर्कवर टाकता येत नाही. तासापुरते दुसरे सिम बंद ठेवा. बॅटरी सेव्हरही तासाच्या वेळी बंद असावा, कारण पडदा काळा झाल्यावर तो ॲपला मागे ढकलतो आणि जोडणी तुटते.

दिलेला स्वाध्याय पोचत का नाही?

गूगल क्लासरूममध्ये फाइल जोडणे आणि स्वाध्याय देणे या दोन वेगळ्या कृती आहेत. फाइल जोडल्यावर ती पानावर दिसू लागते, त्यामुळे काम संपले असे वाटते, परंतु 'टर्न इन' दाबेपर्यंत प्राध्यापकांच्या यादीत स्वाध्याय दिलेला नसतो. मूडलवरही असेच आहे. काही स्वाध्यायांत फाइल मसुदा म्हणून साठते आणि अखेरचे सादर करण्याचे बटण वेगळे असते. प्रत्येक वेळी बटण दाबल्यानंतर स्थितीची ओळ वाचा आणि तिचा स्क्रीनशॉट ठेवा.

याहून त्रासदायक प्रकार मुदतीनंतरचा आहे. एखादी टंकलेखनाची चूक सुधारावी म्हणून विद्यार्थी मुदत संपल्यावर स्वाध्याय मागे घेतो आणि पुन्हा देतो. क्लासरूम त्याला उशिरा दिलेला ठरवते, मग पहिली प्रत वेळेत दिलेली असली तरीही. मुदतीनंतर मागे घेण्याचे बटण दाबू नये. चूक मोठी असेल तर प्राध्यापकांना खासगी टिप्पणीत कळवावे.

ड्राइव्हची लिंक पाठवली असेल, तर ती फाइल प्राध्यापकांना पाहता येते का, हे ब्राउझरच्या गुप्त (इन्कॉग्निटो) खिडकीत उघडून तपासावे. वहीची पाने फोनने टिपली असतील, तर स्कॅन करण्याच्या ॲपने त्यांची एकच पीडीएफ करावी आणि फाइलच्या नावात हजेरी क्रमांक, विषय आणि स्वाध्यायाचा क्रमांक ठेवावा. 'आयएमजी' या नावाच्या सोळा वेगळ्या फाइली वाचण्याची अपेक्षा कोणत्याही शिक्षकाकडून ठेवू नये.

'स्वयम्' या केंद्र शासनाच्या मंचावरील अभ्यासक्रम श्रेयांकांसाठी घेणाऱ्यांना याच प्रकारची आणखी मोठी अडचण येते. हा मंच ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाला आणि त्यावरील एनपीटीईएल या आयआयटी आणि आयआयएससी यांच्या उपक्रमाच्या अभ्यासक्रमांत नावनोंदणी आणि परीक्षेची नोंदणी या वेगळ्या पायऱ्या आहेत. विद्यार्थी विनाशुल्क नावनोंदणी करतो, आठवड्याचे स्वाध्याय नियमाने देतो, आणि परीक्षेचा अर्ज भरायचा राहून जातो. या अभ्यासक्रमांत स्वाध्यायांना २५ आणि प्रत्यक्ष केंद्रावरील परीक्षेला ७५ गुण असतात, आणि प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायांत किमान १० व परीक्षेत किमान ३० गुण लागतात. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम ८ स्वाध्याय धरले जातात, त्यामुळे एखादा आठवडा बुडाला तरी हानी होत नाही, पण परीक्षेचा अर्ज राहिला तर संपूर्ण सत्राचे काम वाया जाते. नावनोंदणी करतानाच अर्जाची अंतिम तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावी.

आता नेट

वेग मोजणाऱ्या ॲपवर मोठा आकडा आला म्हणजे वर्ग नीट चालेल असे नाही, कारण बोलण्यासाठी वेगापेक्षा सातत्य महत्त्वाचे असते. साधारणपणे विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत, त्यातील चढउतार ४० मिलिसेकंदांच्या आत आणि वाटेत हरवणाऱ्या पॅकेटांचे (डेटाच्या छोट्या तुकड्यांचे) प्रमाण २ टक्क्यांच्या आत असले, तर आवाज सलग राहतो. संगणकाच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंगची आज्ञा (उत्तर येते का आणि किती वेळात येते ते दाखवणारी) प्रथम घरच्या राऊटरच्या पत्त्याला आणि नंतर बाहेरच्या एखाद्या पत्त्याला देऊन पाहावी. राऊटरपर्यंतचीच उत्तरे उशिरा येत असतील किंवा गळत असतील, तर बिघाड घरातील वाय-फायमध्ये आहे. राऊटरपर्यंत सर्व ठीक असून बाहेरची उत्तरे गळत असतील, तर बिघाड पुरवठादाराच्या बाजूला आहे आणि घरात आणखी काही करून उपयोग नाही. ही एक तपासणी केली की निम्मे वाद मिटतात.

घरातील बिघाडावर पहिला उपाय लॅनच्या वायरचा आहे. ती स्वस्त असते आणि शंका एका फटक्यात दूर करते. वायर शक्य नसेल तर राऊटर असलेल्या खोलीत बसा. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतींतून दूरवर जातो, पण शेजाऱ्यांचे राऊटर आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांचाही वावर त्याच पट्ट्यात असतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असला तरी दोन भिंतींनंतर क्षीण होतो. सदनिकांच्या दाट वस्तीत जवळ बसून ५ वापरणे आणि जुन्या दगडी वाड्यात किंवा लांबच्या खोलीत २.४ वापरणे, असा ढोबळ नियम ठेवावा. फोनच्या हॉटस्पॉटवर वर्ग करणाऱ्यांनी फोन खिडकीत ठेवावा आणि शक्य तेथे यूएसबी वायरने लॅपटॉपला जोडावा.

भारनियमन असलेल्या गावांत लॅपटॉप चालू राहतो, पण राऊटर बंद पडतो. राऊटरसाठीचे छोटे मिनी यूपीएस यावर पुरेसे असते, मात्र घेण्यापूर्वी राऊटरच्या ॲडॉप्टरवर ९ व्होल्ट लिहिले आहे की १२, हे वाचावे. चुकीच्या व्होल्टचे यूपीएस जोडल्यास राऊटर जळू शकतो.

यंत्रणा ठीक आहे, पण विद्यार्थी गप्प आहे

हे लक्षण सर्वांत अवघड आहे, कारण यात दुरुस्त करण्यासारखे बटण नाही. माझे मत असे आहे की गप्प राहणारे बहुतेक विद्यार्थी निष्काळजी नसतात. त्यांना बोलण्याची वेळ सापडत नाही, इंग्रजीची भीती वाटते किंवा घरातील आवाज वर्गात जाईल याचा संकोच असतो. प्रत्यक्ष वर्गात मान हलवली तरी शिक्षकांना कळते; ऑनलाइन वर्गात लिहिलेले आणि बोललेलेच दिसते.

म्हणून तासापूर्वी मागच्या धड्यावरील एक प्रश्न वहीत पूर्ण वाक्यात लिहून ठेवावा. "मला युनिट दोन समजले नाही" यावर उत्तर देता येत नाही, "मागणीची लवचीकता एकपेक्षा कमी असताना किंमत वाढवल्यास एकूण प्राप्ती का वाढते?" यावर देता येते. प्राध्यापकांनी हरकत घेतली नसेल तर तो प्रश्न मराठीत विचारण्यात कमीपणा मानू नये. तोंडी विचारणे जमत नसेल तर चॅटमध्ये टाकावा, परंतु प्राध्यापक थांबतील तेव्हाच, नाहीतर तो वर सरकून जातो. "येस सर", "गुड मॉर्निंग" यांच्या रांगेत खरा प्रश्न हरवतो, आणि वर्गप्रतिनिधीने हे गटात एकदा स्पष्ट सांगितलेले बरे. बोलताना आपले नाव आधी सांगावे. झूममध्ये संगणकावर स्पेसबार दाबून धरल्यास तेवढ्यापुरता माईक उघडतो, त्यामुळे कुकरची शिटी वर्गभर जाण्याची भीती राहत नाही.

मूडलवरील चर्चामंचावर गुण असतील, तर मुदतीच्या रात्री "मी सहमत आहे" असे लिहिणाऱ्यांना फारसे गुण मिळत नाहीत, आणि ते योग्यच आहे. आठवड्याच्या सुरुवातीला आपले मत आणि पाठ्यपुस्तकातील एक आधार लिहावा, नंतर कोणा एका सहाध्यायाच्या मुद्द्याला नाव घेऊन उत्तर द्यावे. वेगळे मत असेल तर तेही लिहावे, मात्र व्यक्तीवर घसरू नये.

कोठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

पासवर्ड चालत नसेल, खाते गोठवले गेले असेल किंवा वर्गाच्या यादीत आपले नावच नसेल, तर वरील कोणताही उपाय लागू पडत नाही. ते काम केवळ महाविद्यालयाच्या प्रणाली-प्रशासकाला करता येते. दुसरे नवे खाते काढून वेळ मारून नेऊ नये, कारण दोन खात्यांत विभागलेली हजेरी नंतर जुळवणे फार किचकट असते.

राऊटरवर 'एलओएस' नावाचा लाल दिवा लागला असेल, तर फायबरमधून प्रकाश पोचत नाही. एकदा बंद-चालू करून पाहा आणि मग पुरवठादाराकडे तक्रार नोंदवा. पिवळी फायबर वायर उपसू नका, वाकवू नका आणि तिच्या टोकात डोळा लावून पाहू नका. लॅपटॉपची बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल, तर लॅपटॉप त्याच क्षणी बंद करून चार्जर काढा आणि दुरुस्ती केंद्रात न्या. त्यावर "आजचा तास तेवढा करून घेतो" हा विचार धोक्याचा आहे. सर्व तपासण्यांनंतरही लॅपटॉप दर तासाला तापून बंद पडत असेल, तर आतील पंखा आणि धूळ हे कारागिराचे काम आहे.

मदत क्रमांक इंटरनेटवर शोधून लावू नये. तेथे कंपन्यांच्या नावाने बनावट क्रमांक पेरलेले असतात, आणि पलीकडचा माणूस पडदा दूरून हाताळण्याचे ॲप टाकायला सांगून बँकेचे खाते रिकामे करतो. क्रमांक बिलावरून किंवा कंपनीच्या अधिकृत ॲपवरूनच घ्यावा. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. वर्गात बोलण्याच्या नुसत्या कल्पनेने झोप उडत असेल किंवा तास टाळावेसे वाटत असतील, तर तो माझ्या विषयाचा प्रश्न नाही. महाविद्यालयाच्या समुपदेशकांशी किंवा टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

तंत्रज्ञाला लिहिताना "चालत नाही" एवढेच लिहू नका. तारीख आणि वेळ, विषय, वापरलेले खाते, फोन की संगणक, पडद्यावर आलेल्या सूचनेचा स्क्रीनशॉट आणि आतापर्यंत केलेल्या तपासण्या एवढे एकाच संदेशात द्या. त्याची प्रत त्याच दिवशी विषयाच्या प्राध्यापकांनाही पाठवा, कारण बिघाड आम्ही दुरुस्त करू शकतो, पण लागलेली गैरहजेरी बदलण्याचा अधिकार त्यांचा असतो.